टायमर, तिफण आणि रस्त्याकडचं वावर

४ नोव्हेंबर, सकाळी

आजपासून रनाळ्याची शेती बदलणार. तिफणीवर बियांचा डबा, डब्याला झडप, झडपेला चुंबक. मायक्रोकंट्रोलर चिपने विजेचा पल्स सोडला की झडप क्षणभर उघडते आणि मक्याचा एक दाणा पडतो. मुठीने बी सोडायचे दिवस गेले.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, पटवता पटवता घसा बसला. शेवटी म्हणाले, "रस्त्याकडलं वावर तुन्हा हवाले. उगनं ते घर ऱ्हाय, नही ते नवापूरनी नोकरी धर."

नोकरी म्हणजे पोल्ट्रीत देखरेख. मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा. प्रश्नच नाही.

५ नोव्हेंबर

किरकोळ अडचण. प्रोग्रॅम स्क्रीनवर आकडे दाखवत बसतो, तोवर पल्सला उशीर. दोष प्रोग्रॅमचा, माझा नाही. तो मीच लिहिला ही गोष्ट वेगळी.

संकल्प: चिडायचं नाही. चहा कमी.

६ नोव्हेंबर

जमलं. चिपमधला हार्डवेअर टायमर लावला. प्रोग्रॅम काहीही करत बसो, टायमर स्वतः मोजतो, स्वतः पल्स सोडतो. बैलांची चाल एकदा मोजून घेतली, त्या हिशेबाने दर वितीला एक दाणा.

चेतनाने विचारलं, बैल थांबले तर? बायकोला समजावलं की टायमर कुणासाठी थांबत नाही, तीच तर खुबी. मग तिफणीला चाक लावून त्याला का नाही जोडत, म्हणाली. चाक फिरेल तेव्हाच दाणा. चाक म्हणजे जुनाट विचार. मी हसलो. ती हसली नाही.

चहा चार कप.

७ नोव्हेंबर

आप्पा म्हणतात वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उद्याचा दिवसच, मग जमीन कडक. आणि बियाणंही एवढंच. झोप नाही. भीती नव्हे, अॅसिडिटी.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी

पेरणी झाली! तिफण आमच्या गड्याच्या, भिलाच्या हातात, तंत्र माझं. डावा बैल बांधाचं गवत खायला दोनदा थांबला. भिला तंबाखू मळायला थांबला. घराकडे तोंड असलेल्या तासाला, म्हणजे ओळीला, बैल पळालेच. टायमर मात्र ढिम्म, ठोका चुकला नाही.

रूपचंदकाकांनी मोटरसायकल थांबवली. आणखी चौघं जमले. भिलाला तिफण उभी करायला लावून मी सगळ्यांना नीट समजावलं. मागे झडप टकटक वाजतच होती. म्हटलं, ऐका, थांबते का? सगळ्यांनी माना हलवल्या.

बियाणं जरा लवकर संपलं. शेवटची तासं कोरडीच गेली. पाकिटात कमी भरलं असणार.

१२ नोव्हेंबर

काही नाही. एका जागी उकरून पाहिलं. दाणा आहे. परत झाकला. आप्पा रोज पहाटे बांधावर जाऊन येतात आणि थेट गोठ्यात शिरतात. त्यापेक्षा ओरडले तर बरं वाटेल.

१५ नोव्हेंबर

उगवलं.

लांबूनच वाचता येतं. डावा बैल गवताला थांबला तिथे दोन झुबके. भिलाच्या तंबाखूचा एक. घराकडच्या तासांत ढांगेढांगेवर एकेक रोप. शेवटी नुसती माती.

आणि रस्त्याजवळ एका जागी मका इतका दाट की बोट शिरत नाही. गावातली माणसं मोटरसायकली थांबवून तेच बघताहेत.

आप्पा त्या झुबक्यापाशी उभे राहिले. रागावले नाहीत. हळूच विचारलं, "आठेच समजाडी ऱ्हायंतास ना तू?"

हो म्हटलं, इथेच समजावत होतो.

सोमवारी नवापूर. कोंबड्यांच्या शेडमधले दिवे टायमरवर लावायचे आहेत म्हणतात. शेड निदान एका जागी उभी असते.