प्रेमसाठी केलेली पेटी

मी रखमाजी भानुदास निर्मळ, वय ७२, धंदा सुतारकी, राहणार जालना, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहितो. बुद्धी जागेवर आहे. कोणाचा दबाव नाही. असता तर हे कधीच लिहून झाले असते.

१. पत्नी कौसल्या २०११ साली वारली. मूलबाळ नाही. सख्खा भाऊ बद्रीनाथ घनसावंगीला असतो. मी बाप्तिस्मा घेतल्यापासून तो माझ्या घरचे पाणी पीत नाही. कौसल्येच्या मातीलाही आला नाही. तिला चर्चच्या मंडळीतल्या चौघांनी खांदा दिला. तिची शवपेटी मी घाईत केली होती. वाटेत तळाची फळी चिरली. शेजारच्या प्रेम पठारेने ती दफनभूमीपर्यंत तळहातावर तोलून धरली. मंडळीत सगळेच एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात. त्या दिवसापासून प्रेम माझा भाऊ झाला आणि त्याची बायको वंदना बहीण. माझे जेवण त्यांच्याच चुलीवर.

२. बँकेतील शिल्लक दफनभूमीच्या कुंपणासाठी द्यावी. करवती व पटाशा मंडळीत ज्याला वापरता येतील त्याला. रंधा कोणाला देऊ नये. जाळावा.

३. राहते घर वंदना प्रेम पठारे हिला. घेण्याआधी तिला पुढील गोष्ट कळली पाहिजे.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये प्रेमला कावीळ झाली. दवाखान्याने घरी पाठवला. चर्चच्या पाळकांनी येऊन त्याला व वंदनाला प्रभुभोजनाची भाकर आणि रस दिला. बाहेर पडताना सगळे म्हणाले, फार तर दोन दिवस. मंडळीच्या पेट्या मीच करतो, मजुरी न घेता. भावाची पेटी तरी घाईची नको, म्हणून दुसऱ्या सकाळी अंगणात फळ्या काढल्या आणि रंधा मारू लागलो.

भिंतीपलीकडून प्रेमचा आवाज आला. बारीक, पण शुद्धीतला.

"भाऊ, कुणाची पेटी करून राह्यलेत?"

कपाटाची फळी आहे, असे म्हणता आले असते. मी रंधा थांबवला. बोललो नाही.

सकाळी त्याने पेज घेतली होती. दुपारपासून पाणीही घेतले नाही. तिसऱ्या दिवशी गेला. पेटीचा एकही सांधा उघडा नव्हता. लोकांनी कौतुक केले.

त्यानंतर मी अनेक पेट्या केल्या. रंधा थांबला की प्रेम पलीकडून विचारतो. म्हणून मी थांबत नाही. लाकूड हवे त्यापेक्षा पातळ होते.

४. वंदनाला घर मिळू शकले नाही तर ते बद्रीनाथला जाईल. कायदा त्यालाच माझा म्हणतो. तसे होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

५. माझी पेटी मी मेल्यावरच सुरू करावी. खिळे दिसले तरी चालतील.

सहीपूर्वीची नोंद: वरील मजकूर आज वकिलांकडे वंदनाला वाचून दाखवला. साक्षीदार बेबीनंदा हजर होती. वंदना म्हणाली, "मी तिथंच बसल्ते, भाऊ. तुम्ही गप राह्यले. मंग त्यांनी मला विचारलं."

मी विचारले, "काय सांगितलंस?"

"तुमचीच, म्हणले. प्रभुभोजन घेऊन एक दिवस झाल्ता. खोटं कसं बोलू?"

मग ती म्हणाली, "मला घर नको."

बेबीनंदा म्हणाली, "येडी हायेस का? पाणी न पिणाऱ्याला घर बरं चालंल!"

"चालू दे. मी घर घेतलं की भाऊ सुटले. मंग मी एकटीच राह्यते त्याच्यात."

साक्षीदार दोन लागतात, दुसरा आला नव्हता. वकिलांनी बजावले, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या कायद्यात जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. वंदनाने विचारले, "बिलकुल न्हाई?" ते म्हणाले, बिलकुल नाही. तिने पेन मागितला.

मी कलम ३ खोडलेले नाही.

ठिकाण: जालना
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: रखमाजी भानुदास निर्मळ (सही)

आम्हा दोघींसमक्ष त्यांनी सही केली, त्यांच्यासमक्ष आम्ही:

१. बेबीनंदा सुधाकर जाधव, निवृत्त परिचारिका. नाते: नाही. (सही)

२. वंदना प्रेम पठारे, घरकाम. नाते: बहीण. (सही)