घरचा भाव

जबलपूर, सोमवार

प्रिय कुंदा,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर वाचून फाड.

सूनबाईंनी, म्हणजे अपूर्वाने, माझ्या भाजणी-मसाल्यांचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर चढवला. बावीस वर्षं मी गिऱ्हाइकाचं तोंड पाहून भाव सांगत आले. सदर बाजारातल्या दुकानदाराला एक, मंडळातल्या बायकांना दुसरा, मझौलीहून बसने येणाऱ्या पुष्पाला तिसराच. अपूर्वा म्हणे, आई, तुमच्या डोक्यातलं मशीनला कसं कळणार? मग तिने चार दरयाद्या केल्या: दुकानदार, मंडळ, किरकोळ आणि घरचे. घरच्यांना भाव शून्य. एकदा नाव यादीत टाकलं की बिल आपोआप बनतं आणि ज्याच्या त्याच्या फोनवर जातं. नणंदबाईंनाही घरच्यांत टाकावं लागलं, काय करू!

मग तुझं नाव आलं. त्याच सकाळी मंडळात कळलं होतं की तू घर विकून कायमची लेकाकडे, सौमित्रकडे पुण्याला चाललीस. साऱ्या जबलपूरला ठाऊक, फक्त मला नाही. अगं, माझी पहिली भाजणी तुझ्या कढईत भाजली, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, आणि मला हे परक्याच्या तोंडून कळावं? अपूर्वाने विचारलं, कुंदाकाकू घरच्याच ना? मी म्हटलं, किरकोळ.

शनिवारी नेहमीच्या डब्यातून तुला भाजणी पाठवली. मागोमाग बिल गेलं. तू लगेच पैसे पाठवलेस. काल डबा परत आला. घासूनपुसून लखलखीत, आणि रिकामा. आपल्यात डबा कधी रिकामा फिरला नाही गं. कधी खोव्याची जिलबी, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. मी झाकण दोनदा उघडून पाहिलं.

अपूर्वाने तुला कळवलं म्हणे, सॉफ्टवेअरची चूक झाली. पोरीने माझी लाज राखली. मशीनने मी सांगितलं तेच केलं. तू चाललीस याचा राग आला होता आणि तो मी भावावर काढला. तुझी तरी मला सांगायला जीभ रेटली नसेल, हे आता उमगून राहिलं आहे. आज तुझं नाव घरच्यांत टाकायला लावलं. अपूर्वा म्हणाली, काकू तर चालल्या, आता कशाला? मला रडूच फुटलं.

गुरुवारी तुझी गाडी आहे. डबा भरून ठेवला आहे, पण कोणाच्या हाती पाठवणार नाही. तू ये. तोंडावर विचार, काहून असं केलं गं विनते? आणि येताना चार दाणे साखर आण.

तुझीच, तोंडाने फाटकी,
विनता