वेखंडे पॅलेट्सचं कंपनी प्रोफाइल

३ फेब्रुवारी, सोमवार
मुरबाडच्या कारखान्यातून फोन. खरेदी विभागाच्या जयश्री मॅडम. पिंपं रचायला महिन्याला सहाशे लाकडी पॅलेट लागणार. "२८ तारखेच्या आत कंपनी प्रोफाइल मेल करा, चार पानं पुरेत," म्हणाल्या. चार पानं! एकवीस वर्षांचं काम चार पानांत मावतं असं त्यांना वाटतं. गैरसमज दूर करणार.

ही ऑर्डर हवीच. जुन्या गिऱ्हाइकाने प्लास्टिकचे पॅलेट घेतल्यापासून शेडमध्ये करवत गप्प आहे. माझा कारागीर नथू, त्याला या महिन्यापुरतंच काम. त्याला बजावलं, भिवंडीच्या गोडाउनमधल्या नोकरीचं नाव काढू नकोस, मार्चपासून ओव्हरटाइम करशील. तो म्हणाला, "बरा शेट." चौदा वर्षांचा विश्वास आहे.

संकल्प: काम प्रोफेशनल डिझायनरकडूनच. निवड मात्र मी करणार. मी नववीपर्यंतच शिकलो, पण एका सुताचा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखतो. सुतारकाम, इंग्रजी, कॉम्प्युटर, सगळं स्वतः शिकलो. कोणी शिकवलं नाही, म्हणून चुकाही शिरल्या नाहीत.

५ फेब्रुवारी
निवडीचा तक्ता केला. अनुभव, अचूकता, वक्तशीरपणा, स्वभाव. प्रत्येकी पंचवीस गुण. बायकोला दाखवला. रत्नप्रभा म्हणाली, "अहो, माप काय, वजन किती पेलतं, जीएसटी नंबर काय, एका कागदावर लिवा नि फोटू पाठवा. झाला." तिला डॉक्युमेंट आणि चिठ्ठी यांतला फरक समजावून सांगितला. ती मध्येच भाकऱ्या थापायला गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार
कल्याणला गेलो. एसी ऑफिस. डिझायनर बाई हुशार वाटल्या. नमुना हातात दिला. मी खिशातली स्टीलची पट्टी काढली. डावीकडचा समास उजवीपेक्षा दीड सूत जास्त! दाखवून दिलं. म्हणाल्या, "तो बाइंडिंगसाठी सोडलाय, सर." सारवासारव. शिवाय निम्मं पान कोरं. म्हणे व्हाइट स्पेस, डोळ्याला विसावा. मी विचारलं, फळ्या गाळून मी गिऱ्हाइकाला विसावा दिला तर चालेल का? अचूकता: नऊ.

परत आल्यावर नथूला किस्सा सांगितला. तो म्हणाला, "आपून बी दोन फळ्यांत फट सोडतोच ना, शेट." ती फट वेगळी.

११ फेब्रुवारी
ऑनलाइन सर्व्हिस पाहिली. फॉर्ममध्ये प्रश्न: तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता? लिहिलं, पहाटे उठणारा. खाली बारीक अक्षरात अट, दुरुस्त्या फक्त दोनदा करून मिळतील. काम सुरू व्हायच्या आधीच माझ्या सतरा झाल्या होत्या. त्या मेल केल्या. मशीनने आभार मानले. स्वभाव: शून्य.

१४ फेब्रुवारी
निवड झाली. शहापूरचा बंटी. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका.
लोक हसतील. पण लोक विचार करत नाहीत. पत्रिकेत एक नाव चुकलं तर भावकी दुकानावर चालून येते. बंटीचं दुकान नऊ वर्षं शाबूत आहे. याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं? त्याच्या तीन पत्रिकांचे चारी समास मोजले. बरोबर. बंटी म्हणाला, "दादा, लग्न काय नि कंपनी काय, आपल्याला सगळा सेम." हा आत्मविश्वास कल्याणात दिसला नाही.
सीझन चालू असल्यामुळे तो मला दुपारी दोन ते तीन देणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
प्रूफ मिळालं. आठ पानं, सुरेख. पहिल्या पानावर गणपती आहे. काढायला सांगणार होतो, पण जीभ रेटली नाही.

छापण्याआधी घरच्या मोठ्यांना दाखवायची आपली रीत. राघोकाकांकडे नेलं. काकांना दिसत नाही, नातीने वाचून दाखवलं. आयएसओ दर्जापर्यंत सगळं ऐकलं. मग म्हणाले, "चांगला हाय. आमचा नाव कठं हाय?" म्हटलं, काका, हे धंद्याचं आहे, पत्रिका नाही. म्हणाले, "बरा बरा. आनि शेड कोनाच्या जागंत हाय रे?"
शेड काकांच्या जागेत आहे.
पान दोनवर 'मार्गदर्शक' असा मथळा घेतला. मोठमोठ्या कंपन्यांतही मेंटॉर असतातच.

२० फेब्रुवारी
धाकटे काका सकाळी सातला दारात. चहा नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर. मोठ्याचं नाव छापतोस, आमी काय मेलो का, असा सूर. ते घेतले. मग रत्नप्रभाच्या भावाचा, दिनेशचा फोन. "दाजी, आमी परके झालो नाय का?" तोही घेतला. संचालक मंडळ भक्कम दिसलं पाहिजे. एकूण नावं चौदा. क्रम वयाप्रमाणे. आता बदल नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
क्रम मानाप्रमाणे केला. मामा आधी. वयाचा नियम मामांनी धुडकावला, तेही माझ्याच ओट्यावर बसून. कुलदेवतेचा फोटो वाढवला. आत्याच्या घरच्यांना 'शुभेच्छुक' पानावर बसवलं.
रत्नप्रभा म्हणाली, "आपल्या लग्नात पन एवढी नावा नव्हती." तेव्हा आपली कंपनी नव्हती.

२४ फेब्रुवारी
नावं एकेचाळीस. बंटी म्हणतो, आता पानं वाढली तर पिना धरणार नाहीत, एखादं पान काढा. बराच विचार केला. गणपती काढता येत नाही. मामा तर नाहीच नाही. तांत्रिक माहितीचं पान काढलं. मापं, वजन, लाकडाचा प्रकार. हे मॅडमना तोंडपाठ असणार. खरेदी विभागात उगाच बसवलंय का?

दुपारी त्यांचाच फोन. प्रोफाइल आलं नाही म्हणाल्या. म्हटलं, फायनल स्टेज. म्हणाल्या, "सर, साधं पाठवलंत तरी चालेल." मोठ्या मनाच्या आहेत. त्याचा गैरफायदा घेणार नाही.

२७ फेब्रुवारी
तेविसावं वाचन. आजोबांच्या नावाआधी 'कै.' लावायचं राहिलं होतं. वेळीच पकडलं. नाहीतर मुरबाडहून त्यांना मीटिंगचं बोलावणं आलं असतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सायं. ४.४०. फाइल मेलमधून जात नाही. फार जड आहे.
५.१५. बंटीकडे. फाइल हलकी कर म्हटलं. तो कोणाच्या तरी हळदीचा फ्लेक्स छापत होता. "दादा, नवरी थांबत नाय, कंपनी थांबते."
६.०५. कंपनी थांबली असेल अशी आशा.
६.३०. निर्णय: छापील प्रत स्वतः नेऊन देणार. जाड कागद हातात आला की माणसाचं मत बदलतं.

४ मार्च, मंगळवार
किन्हवलीमार्गे एसटीने मुरबाड. मांडीवर दहा प्रती, एकही कोपरा दुमडू दिला नाही. गेटवर वॉचमनने वरचं पान बघून विचारलं, "मुलाचा का मुलीचा?"

जयश्री मॅडम खाली आल्या. उभ्याउभ्याच सगळी पानं उलटली. मग उलट्या बाजूने उलटली. "सर, तुमचं पॅलेट किती वजन पेलतं?" म्हटलं, बाराशे किलो, छातीठोक. "ते यात कुठे आहे?" म्हटलं, मॅडम, आमचे मामा... म्हणाल्या, "पुरवठादारांची यादी शुक्रवारी बंद झाली, सर. तुमची वाट बघितली सहापर्यंत. आता पुढच्या वर्षी."
कागद चांगला आहे म्हणाल्या. हे त्यांनी आपणहून सांगितलं.

६ मार्च, गुरुवार
नथू उद्यापासून भिवंडीला, गोडाउनमध्ये. हत्यारं पुसून, तेल लावून जागच्या जागी ठेवून गेला. रंधाही. मी म्हटलं, एका वर्षाची तर गोष्ट आहे, पुढच्या वर्षीची यादी उघडेलच. त्याने मान हलवली.

आठवण म्हणून एक प्रत दिली. त्याला अक्षर लावून लावून वाचता येतं. फळ्यांच्या ढिगावर बसला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत निघाला. काका, मामा, मेहुणे, शुभेच्छुक. मी शेजारी उभा. शेवटचं पान झालं. परत मधलं उघडलं. मग विचारलं, "शेट, माजा नाव कंच्या पानावं हाय?"

मी पुस्तिका घेतली आणि पानं उलटू लागलो. तेवीस वेळा वाचलेली. तरी उलटत राहिलो.

त्यालाच माझी दया आली असावी. प्रत परत घेतली, पिशवीत कपड्यांच्या घडीत नीट सरकवली. म्हणाला, "ऱ्हाऊंद्या. असंल कठंतरी. घरी पोरीला सोधाया सांगतो."

मी म्हटलं, हो, सांग.