जीन पियोंतेकच्या चेंडूला मी लावलेलं पॉलिश

मी, क्लेमेंट शिमान्स्की, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मिलवॉकी, दक्षिण भाग. गुडघे गेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे, आणि कायद्याला तेवढंच पुरतं असं वकीलबाई म्हणतात. कोणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की:

१. राहतं घर मुलगी कॅरल हिला. तळघरातली ओल तिला ठाऊक आहे. मागाहून तक्रार चालणार नाही.

२. सॉसेज भरायचं यंत्र मेहुणा नॉर्बर्ट याला. ते एकोणीस वर्षांपूर्वी त्याने दोन दिवसांसाठी नेलं आहे, त्यामुळे पोचवायची गरज नाही.

३. बोलिंग हॉलमधल्या माझ्या दुकानातली अवजारं आणि चेंडूच्या पॉलिशच्या बाटल्या हॉलच्या मालकांना. अट एकच. चेंडू ज्या लाकडी पट्टीवरून धावतो तिच्यावर तेल किती घातलंय ते विचारल्याशिवाय बाटली उघडू नये. तेल जास्त असेल तर चेंडू खरखरीत हवा, तरच तो पकड घेऊन वळतो. चकचकीत केला तर नुसता घसरत जातो. हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं.

४. तरीही मार्च १९९४ मध्ये, शहर स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी, माझा मित्र जीन पियोंतेक चेंडू घेऊन आला. म्हणाला, "क्लेम, तू म्हणशील ते पॉलिश. मला त्यातलं काय कळतंय?"

त्या दिवशी पट्ट्यांना तेल मीच घातलं होतं, भरपूर. हॉलमधल्या विक्रमाच्या पाटीवर अकरा वर्षं माझं नाव होतं. जीन ते उतरवणार असं जो तो म्हणत होता. आम्हा सगळ्यांच्या दर शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला नॉर्बर्टने टोमणाही मारला होता, "दाजी, पाटी रंगवणाऱ्याला सांगून ठेवा!" मी सर्वांत चकचकीत बाटली उचलली आणि चेंडूत माझं तोंड दिसेपर्यंत पॉलिश चढवलं.

खेळ सुरू झाल्यावर चेंडू घासायला नियमाने मनाई आहे. जीन वाईट हरला. "माझा हातच गेला रे," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "वय होतंच, जीन." तो पुन्हा खेळला नाही. चेंडूही मलाच देऊन गेला. मला लाज वाटते. पॉलिशची वाटते, त्याहून जास्त त्या वाक्याची वाटते.

तो चेंडू मी घासून पुन्हा खरखरीत केला आहे. तो जीनला द्यावा, पाटीवरचं माझं नाव पुसावं, आणि हे कलम माझ्यामागे शुक्रवारच्या जेवणाला सगळ्यांसमोर नॉर्बर्टने मोठ्याने वाचावं.

पुरवणी, सहीच्या वेळची: साक्षीदार म्हणून मुद्दाम जीनला बोलावलं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून कागद पुढे केला. त्याने दोनदा वाचला.

"उजव्या खांद्यात सुया टोचून घेतल्या मी, क्लेम. दोन वर्षं."

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला यातलं काही घेता येणार नाही हं. चेंडू किंवा सही."

"चेंडू नको. सही करतो," जीन म्हणाला. "नाहीतर उद्या लोक म्हणतील, म्हातारा बरळला. पण मेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून नाही हं. परवा शुक्रवार आहे."

म्हणून चेंडूची देणगी रद्द. कलम ४ मधले "माझ्यामागे" व "नॉर्बर्टने" हे शब्द खोडून "येत्या" व "मी स्वतः" असे लिहिले आहे. खाडाखोड मला मान्य.

सही: क्लेमेंट शिमान्स्की
साक्षीदार: १. लोरेटा बुडनी, वकीलबाईंच्या कारकून
२. युजीन ऊर्फ जीन पियोंतेक (उजव्या हाताने)
मिलवॉकी, बुधवार, ९ नोव्हेंबर २०११