काचेवरची पंगत

सर,

एका वाक्याबद्दल लिहायला बसले आहे. ते मी तुमच्यासमोर बोलले होते आणि तुम्ही ते खोडलं नव्हतंत.

जळगावच्या कॉलेजात एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, ऐंशीचं दशक संपत आलेलं. पिंप्राळ्याहून सायकल दामटत मी प्रयोगशाळेत येते, पंप सुरू करते, कोपरासारख्या वाकवलेल्या काचेच्या नळीतली हवा काढते. एका टोकाला तापलेली तार इलेक्ट्रॉन सोडते, दुसऱ्या टोकाला मीटर. मध्ये नुसती काच. वळणामुळे सरळ वाट नाही, आणि काचेतून वीज वाहत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी व्होल्टेज वाढवलं की काटा हलायचा. मी नळी तीनदा धुतली. चौथ्यांदा काटा हलला तेव्हा वैतागून आकड्यांचं पानच वहीतून फाडलं. पुस्तकाशी न जुळणारे आकडे गहाळ करायची आम्हा सगळ्यांनाच सवय होती.

तुमच्या नजरेतून काय सुटणार? रागावलात की तुम्ही पुन्हा धरणगावचे व्हायचात, गावच्या बोलीसकट. "खोटं कोण बोलस, काच का तू?" तेही सगळ्यांसमोर. केराच्या टोपलीतून तुम्ही स्वतः ते पान काढलंत, सरळ केलंत आणि वाचता वाचता म्हणालात, "तार विझव. व्होल्टेज राहू दे." विझवली. काटा शून्यावर. मळामुळे गळती होत असती तर तार थंड झाल्यावरही काटा हललेलाच राहिला असता. म्हणजे काच स्वच्छ होती, आणि इलेक्ट्रॉन तिच्या अंगावरूनच चालत येत होते.

कसे, ते तुम्ही पंगतीवरून सांगितलंत. इलेक्ट्रॉन काचेवर जोरात आदळला की तिथला दुसरा उडतो, तो थोडं पुढं जाऊन आदळतो, तिथला तिसरा उडतो. "येस तो बठस, बठेल शे तो उठस, नि पुढला पाटवर जास."

"म्हणजे जेवून उठलेला परत जेवायला बसतो?" मी विचारलं.

"वरण-बट्टी असली तर बसतोच की," तुम्ही म्हणालात. धडक कमी पडली की पंगत मोडते, म्हणून कमी व्होल्टेजला काटा ढिम्म.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. काटा पाहून हसले. "नळी धुवा, बाई." मी तार विझवली. काटा खाली आला, साहेबांचं हसूही. "हे कुणी सुचवलं?" त्यांनी विचारलं. तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात. मी म्हणाले, "मलाच सुचलं."

तुम्ही एवढंच म्हणालात, "चला साहेब, चहा गार होतोय." नंतरही कधी विषय काढला नाहीत. पानासाठी रागावलात तसे तेव्हा रागावला असतात, तर मी माफी मागून मोकळी झाले असते.

आज धुळ्यात मी हाच विषय शिकवते आणि चांगला शिकवते, उगाच खोटी नम्रता नको. त्या एका वाक्याची मात्र लाज वाटते. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. गेल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तार विझवायचं तुम्हाला कसं सुचलं?" मी तिला ते अगदी रंगवून सांगितलं, तुमचं नाव न घेता.