चमचा कोणत्या हातात होता?

वाल्पारैसो, ४ मे

आदरणीय एदेलमिरामावशी,

चुलीजवळ पाय शेकत बसली असशील, त्या पायांना इथूनच नमस्कार. खोकला गेला का? डुकरीण व्याली का? (मागच्या पत्रात तिची चौकशी राहिली, त्याचा तुला राग आल्याचं कळलं.) तू लेकीकडे गेली होतीस तेव्हा मी गावात तीन दिवस राहून आले. तुझ्या कानावर भलतंसलतं जायच्या आत मीच सांगते.

सहा वर्षं मी लिसान्द्रो आरावेनांचं चरित्र लिहितेय. त्यांचा 'समुद्राकाठची माणसं' हा कार्यक्रम साऱ्या चिलेने टीव्हीवर डोळ्यांत पाणी आणून पाहिला. फक्त आपल्या गावाने पाहिला नाही, कारण तेव्हा इथे वीजच नव्हती. आता ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. पहिल्याच भेटीत म्हणाले, "पोरी, मला संत करू नकोस आणि माझी सालटीही काढू नकोस. दोन माणसांनी वेगवेगळं बसून जे एकसारखं सांगितलं, तेवढंच लिही." मी शब्द दिला. (शब्द देण्याआधी आपल्या गावाचा विचार करावा, हे तेव्हा सुचलं नाही.)

मला एवढंच हवं होतं, की १९८४ साली आपल्या गावात चित्रण झालं त्या दिवशी आरावेना जेवले कुणाकडे? मावशी, तुझं घर धरून ते अकरा घरी जेवले. कुणी कप जपलाय, कुणी काटा. एऊफेमियाबाईकडे (तिचं नाव आलं म्हणून पत्र चुलीत टाकू नकोस) तर त्यांनी अर्धवट टाकलेला बटाट्याचा मिल्काओ आहे, वाळून दगड झालेला. शिवाय बाकीच्या दहाजणींनी त्यांना वाढलं होतं तेच ताट मलाही वाढलं. कमी जेवलं तर साक्ष खोटी मानल्यासारखं झालं असतं, त्यामुळे चौथ्या घरापासून मी टिपणं आडवी पडून घेतली. अकरा साक्षीदार, आणि दुसरीच्या घरी ते जेवल्याचं एकीलाही मान्य नाही. म्हणजे नियमाप्रमाणे आरावेना उपाशीच गेले. तुझ्या घरातली ते बसले होते ती खुर्चीही पाहिली, निळी फीत बांधलेली, जिच्यावर चाळीस वर्षांत तू काकांनासुद्धा टेकू दिलं नाहीस.

मग सांतियागोत वाहिनीच्या तळघरात ध्वनिमुद्रकाची वही सापडली. त्या तारखेला लिहिलंय, 'लिसान्द्रो पोट बिघडून अंकुदच्या हॉटेलात. बासिलियोला त्याचा पोंचो नि टोपी घालून पाठमोरा घेतला. आवाज नंतर जोडायचा.' बासिलियो म्हणजे कॅमेऱ्यावरचा मदतनीस. मी तळघराच्या पायरीवर बसले आणि आधी तुझाच विचार आला. बासिलियो आता हयात नाही. आरावेनांना विचारलं, तर त्यांना काही आठवत नाही. त्या अकरा घरांची नावं मात्र त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

पण वही ही एकच साक्ष, आणि दुसरी खरी फक्त तूच देशील; बाकीच्या आपापलं ताट वाचवतील. बासिलियो डावखुरा होता, आरावेना नाहीत. तुझ्याकडे जेवलेल्या माणसाचा चमचा कोणत्या हातात होता, एवढंच कळव. डावा म्हणालीस तर मला लिहावं लागेल, खुर्चीसकट. तुला किती लागेल ते मला कळतं, आणि तरीही विचारतेय. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, खरं तेच लिही.

तुझीच भाची,
झुलेमा

ता. क. : त्या दिवशी नऊ वर्षांची मी तुझ्या दारात उभी राहून त्या माणसाला प्रश्नांवर प्रश्न विचारत होते आणि तू मला हाकलत होतीस. तो म्हणाला, "राहू द्या तिला. ती विचारतेय ते मलाच सुचायला हवं होतं." त्या एका वाक्यावर मी गाव सोडलं, शिकले, आणि ज्याने ते म्हटलं त्याचंच चरित्र लिहायला बसले. तो दुसराच कुणी असेल तर? मला भीती वाटते, मावशी.

आणखी एक : पुस्तक अठ्ठावीस तारखेला छापायला जातं. उत्तर त्यानंतर आलं तर दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करता येईल. (पहिलीच खपायला दहा वर्षं लागतील, असं प्रकाशक म्हणतात.) या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. पोस्टात जायला लाँच धरायची मुळीच घाई करू नकोस.