मधल्या सुट्टीतली नवी मुलगी

बाई,

मधल्या सुट्टीत मुलींशी कसं बोलायचं, याचा घरी लेकीकडून सराव करून घ्या, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दोन वेण्या घालते, टेबलाशी डबा उघडून बसते आणि लेकीच्या वर्गातली 'नवी मुलगी' होते. या वयात हे सोंग! शेजारीण बघेल म्हणून आधी पडदा ओढून घेते.

लेक दारातून येऊन विचारते, "मी इथे बसू का?" आता न अडखळता विचारते. पण पंधरा वर्षांची पोर दिवसभर याच वेळेची वाट बघते. एकदा मी कंटाळून वेण्या घातल्या नाहीत, तर तिने घर डोक्यावर घेतलं. मी आईच आहे हे तिला कळतं, पण वेण्या म्हणजे नवी मुलगी, हा तिचा नियम पक्का.

काल ती नव्या मुलीला म्हणाली, "शाळेत मला कुणीच बसू देत नाही. मी जिन्याखाली डबा खाते. आईला सांगू नकोस हं, ती रडते."

मी शपथ घेतली.

मग वेण्या सोडल्या आणि आई होऊन विचारलं, "शाळेत कसं चाललंय गं?"

"मस्त," ती म्हणाली.

हे पत्र तुम्हाला पाठवलं, तर तुम्ही तिला जिन्याखालून बाहेर आणाल, माहीत आहे मला. पण नवी मुलगी फुटली, हे तिला लगेच कळेल. आणि तिला मैत्रीण अशी तेवढी एकच आहे.

तुमची,
नवी मुलगी